मापक यंत्रांचे अन्न

शाळेत नवे उपकरण आले म्हणजे त्याचे कौतुक फार होते. खोके उघडताना शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वजण भोवती जमतात, नारळ फुटतो, आणि काचेमागे उजळलेले आकडे पाहून मुले हरखून जातात. दुसऱ्या वर्षी तेच उपकरण कपाटाच्या खालच्या फळीवर जाते. तिसऱ्या वर्षी नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो. पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांतील ज्या ज्या शाळांत जाण्याचा आम्हांस योग आला, त्यांपैकी अनेक ठिकाणी असे एखादे तरी कपाट आढळले. यंत्र बिघडले, असे सर्व म्हणतात. परंतु पुष्कळदा बिघडलेले असते ते केवळ त्याचे अन्न पचविणारे अंग: आतली बॅटरी, तिला भारणारा चार्जर, आणि भिंतीतल्या विजेला यंत्राच्या पचनी पाडणारी जोडणी. मोजणारा मेंदू शाबूत असतो. उपासमारीने तो मुका झालेला असतो.

मुका झाला तर ते एक वेळ बरे. अर्धपोटी यंत्र बोलत राहते आणि चुकीचे बोलते, ही खरी काळजीची गोष्ट आहे, आणि तिच्याचसाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत. आम्ही भाषा शिकवितो. विज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. तथापि प्रयोगवहीत लिहिलेला आकडा हे शेवटी एक विधान असते, आणि विधान खरे की खोटे याच्याशी भाषेच्या शिक्षकाचाही संबंध पोहोचतो. कर्ता, कर्म व क्रियापद जुळले म्हणून वाक्य खरे ठरत नाही. तद्वत काचेमागे आकडा उमटला म्हणून मापन खरे ठरत नाही.

शाळांतून सर्वत्र दिसणारा आकडेदर्शक मल्टिमीटर घ्या. त्याच्या पोटात नऊ व्होल्टांची एक चौकोनी बॅटरी असते. म्हणजे दीड दीड व्होल्टाचे सहा लहानगे घट एकापुढे एक जोडलेले. व्होल्ट म्हणजे काय, हे या मीटरला जन्मतः ठाऊक नसते. बॅटरीच्या विजेतून तो स्वतःसाठी एक छोटासा ठरीव दाब तयार करतो, आणि बाहेरून आलेला दाब त्या ठरीव दाबाच्या किती पट आहे एवढेच मोजतो. आपल्याकडे भात मोजण्याची पायली असे, तसेच हे. पायली झिजून लहान झाली तर रास तीच राहूनही पायल्या जास्त भरतात. स्वस्त मीटरांत सर्रास आढळणारी ७१०६ या नावाची चिप पुरवठा सुमारे सात व्होल्टांच्या वर असेपर्यंत आपले आतले माप ढळू देत नाही. त्याखाली मात्र ते माप खचू लागते. माप खचले की आकडा फुगतो. बॅटरी उतरली म्हणजे मीटर कमी दाखवील, अशी सामान्य माणसाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो जास्त दाखवितो. भुकेल्या माणसाने ढेकर द्यावा, त्यातला हा प्रकार!

हे आमच्या शाळेत घडले. नववीच्या मुलांनी एका नव्या कोऱ्या सुक्या घटाचा दाब मोजला. मीटरने १.९४ व्होल्ट दाखविले. पुस्तकात १.५ छापलेले. जवळजवळ सर्व वर्गाने वहीत १.५ लिहिले आणि घंटा होण्यापूर्वी वह्या टेबलावर ठेवल्या. एका मुलीने मात्र १.९४ लिहिले आणि त्यापुढे एक बारीक प्रश्नचिन्ह काढले. ते प्रश्नचिन्ह पाहून आमच्या विज्ञानशिक्षकांनी त्या मीटरचीच बॅटरी दुसऱ्या मीटरने तपासली. ती सहा व्होल्टांच्या आत आली होती. बाजारातून नवी बॅटरी आणून घातली, तेव्हा तोच सुका घट १.६१ दाखवू लागला. म्हणजे पुस्तकातला आकडाही त्या घटाचा नव्हता आणि मीटरचाही नव्हता. मीटरच्या कोपऱ्यात बॅटरीचे एक इवलेसे चिन्ह तासभर दिसत होते. त्याचा अर्थ विचारावा, असे कोणालाच वाटले नव्हते.

१.५ लिहिणाऱ्या मुलांना आम्ही खोटारडी म्हणणार नाही. ती आज्ञाधारक मुले आहेत, आणि गुण कशाला मिळतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. परंतु डोळ्यांनी एक पाहावयाचे आणि हाताने दुसरेच लिहावयाचे, ही सवय जर प्रयोगशाळेत लागत असेल, तर त्या प्रयोगशाळेपेक्षा आमचा पाठांतराचा तास अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

एका घटापुरतीच ही गोष्ट असती तर वार्षिकाची पाने आम्ही अडविली नसती. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत. २०१२ आणि २०१८ या साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी गोव्यातील खाणकाम थांबले. २०२४ पासून डिचोलीत ते पुन्हा सुरू झाले. विहिरीचे पाणी, शेतात उतरणारा गाळ, पावसाळ्यात तांबडा होऊन वाहणारा ओहोळ यांविषयी त्या गावांतून घरोघर बोलणे होते. मुले प्रकल्पासाठी विहिरींच्या पाण्याचे नमुने बाटल्यांतून आणतात आणि त्यांत पीएच मीटर बुडवितात. पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणारे हे यंत्र. १९३४ साली अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांनी त्याचा आरंभीचा नमुना घडविला तो लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्याकरिता. त्याच्या काचेच्या टोकाकडून येणारा संकेत फार क्षीण असतो. पीएचमध्ये एका अंकाचा फरक पडला तर २५ अंश सेल्सियसला सुमारे ५९ मिलिव्होल्टांचा, म्हणजे सुक्या घटाच्या दाबाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा, फरक पडतो. तोही काचेतून मोठ्या कष्टाने बाहेर येतो. एवढा हळू बोल ऐकावयाचा असेल तर ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या कानात गुणगुण असून चालत नाही. पुरवठा अस्थिर असेल तर ती गुणगुणच आकडा होऊन बाहेर पडते.

मग मुलगा घरी जाऊन सांगतो की आपल्या विहिरीचे पाणी बिघडले. किंवा सांगतो की अगदी ठीक आहे. जांभ्या दगडाच्या प्रदेशात विहिरीचे पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असू शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. बॅटरी तपासलेली नसते, आणि ४, ७ व ९.२ पीएचच्या ठरीव द्रावणांत बुडवून मीटर आधी पारखलेलाही नसतो. घरातील वडीलधारी माणसे शाळेच्या यंत्राचा आकडा म्हणून त्यावर विश्वास ठेवतात. त्या विश्वासाची जबाबदारी शाळेवर येते, असे आमचे स्पष्ट मत आहे. खाणीच्या बाजूने बोलावयाचे असो वा विरुद्ध, आधी आकडा खरा असला पाहिजे.

आता भिंतीतल्या विजेकडे वळू. तिथे २३० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज येते. ती सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे शंभर वेळा दिशा पालटते. यंत्राला हवी असते ती थोड्या दाबाची आणि एकाच दिशेने वाहणारी. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवितो, हे सर्वांना माहीत आहे. पुढची पायरी पेडण्याच्या मुलांना समजाविण्यास पुस्तकाचीही गरज नाही. शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठी खाजन शेते आहेत, आणि त्यांच्या बांधाला मानस असते. भरतीचे खारे पाणी आत घुसू लागले की त्याच्याच लोटाने मानशीची दारे मिटतात. ओहोटीला आतले पाणी ती लोटून बाहेर पडते. पाणी दोन्ही बाजूंनी धडका देते, वाट मात्र एकाच दिशेला मिळते. डायोड नावाचा मिरीएवढा तुकडा विजेच्या बाबतीत हेच काम सेकंदाला पन्नास वेळा करतो. चार डायोड चौकोनात जोडले तर उलट्या दिशेने येणारा लोटही वळवून उपयोगात आणता येतो. (ही करामत मात्र आपल्या पूर्वजांच्या मानशीला साधली नव्हती.)

डायोडांतून बाहेर पडलेली वीज एका दिशेने वाहते खरी, पण उसळ्या मारीत. मानशीच्या आतल्या अंगाला पाण्याचा डोह असतो. त्यास आम्ही पोंय म्हणतो. येथे ती जागा कपॅसिटरची. उसळी आली की तो भरतो आणि मधल्या खळग्यात आपल्यातले देतो. त्यानंतर रेग्युलेटर. ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर प्रयोगशाळांतून पुष्कळ दिसतो. आत आठ व्होल्ट येवोत वा बारा, तो बाहेर पाचच सोडतो आणि उरलेल्याची उष्णता करून टाकतो. म्हणून काम चालू असता त्याच्या पाठीला बोट लावले तर चटका बसतो. मात्र आत येणारा दाबच सातांच्या खाली गेला, की त्याचाही इलाज चालत नाही. या साऱ्या साखळीत बहुधा सर्वांआधी म्हातारा होतो तो कपॅसिटर. उष्णतेने तो आतून सुकतो, पोंय गाळाने भरावी तशी त्याची साठवण कमी होते, आणि मीटरवरचे शेवटचे आकडे उगाच थरथरू लागतात. काही रुपयांची ही वस्तू बदलली तर हजारो रुपयांचे यंत्र पुन्हा उभे राहते.

गोव्याला स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरच्या केंद्रांतील आपला वाटा तारांवरून येथवर येतो. शेजारी दोडामार्ग तालुक्यात तिळारीच्या पाण्यावर वीज होते ती महाराष्ट्राची. पेडणे-डिचोलीकडे येते ते कालव्याचे पाणी. मिरगाच्या वाऱ्याने माडाची एखादी झावळ तारेवर पडली की सारा वाडा अंधारतो. आमच्या घरच्या कोंकणीत लायट ‘वता’ आणि ‘येता’, जणू ती नात्यातली पाहुणीच आहे! प्रयोगाच्या मध्यावर वीज गेली तर नुसता खोळंबा होतो. परंतु परत येताना ती कधी झटक्याने येते आणि नाजूक यंत्राला त्याचा धक्का बसतो. म्हणून आपल्या भागातील मापक यंत्राला स्वतःची बॅटरी असणे ही चैन नव्हे.

बॅटरीचा इतिहास मोठा रंजक आहे, पण तो येथे तीन वाक्यांत उरकतो. व्होल्टाने १८०० साली धातूच्या चकत्यांची उतरंड रचून पहिली अखंड वाहणारी वीज मिळविली. प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली पुन्हा पुन्हा भारता येणारी शिशाची बॅटरी केली. आज भ्रमणध्वनीत असते ती लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बॅटरी भारावयाची म्हणजे तिला तारेला जोडून विसरून जावयाचे, असा एक सार्वत्रिक समज आहे. नळावर घागर भरणाऱ्या बाईला विचारावे. ती आरंभी नळ मोठा सोडते, गळ्याशी पाणी येताच बारीक करते, आणि काठाशी आले की बंद करते. लिथियम-आयनचा चांगला चार्जर अगदी असेच वागतो. प्रथम तो ठरीव धारा देतो. घटाचा दाब ४.२ व्होल्टांस पोहोचला की दाब तेवढाच धरून ठेवतो. मग धारा आपोआप बारीक होत जाते, आणि अगदी क्षीण झाली की तो पुरवठा तोडतो. याच्या पुढे रेटले तर घट फुगतो, तापतो, पेटूही शकतो. शिशाच्या बॅटरीची रीत निराळी. बारा व्होल्टांची म्हणविणारी ही बॅटरी पूर्ण भरल्यावर स्वस्थ असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते. कायम जोडून ठेवावयाची असेल तर चार्जरने साधारण १३.६ ते १३.८ व्होल्टांवर थांबले पाहिजे. जास्त दिले तर तिच्यातील पाण्याचा वायू होतो. उलट, रिकामी ठेवली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, आणि मग कितीही भारा, ती घेत नाही.

आपल्या शाळांतील उपकरणे मरतात ती बहुधा या शेवटच्या मरणाने. सुटीपूर्वी अर्धी रिकामी बॅटरी यंत्रासकट कपाटात जाते. काही काम न करताही ती थोडी थोडी झिजत असते, आणि उष्णतेत जरा अधिकच. कौलाखालच्या खोलीतला मे महिना, त्यामागून दमट जून. पावसाळ्यात कपाट उघडावे तो यंत्र निपचित! सुके घट आतच विसरलेले असतील तर त्यांतून क्षार पाझरून धातूच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या असतात. याला कोणाचा खोडसाळपणा कारण नसतो, की कोणाचा आळसही. बॅटरीला सुटी नसते, हे कोणाच्या वेळापत्रकात लिहिलेले नसते, इतकेच.

याच गोव्यात, दोनापावला येथे, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञ समुद्रात खोल सोडलेल्या यंत्रांकडून पाण्याच्या प्रवाहाच्या नोंदी घेतात. ती यंत्रे महिनोन्महिने केवळ आपल्या पोटातल्या बॅटरीवर जगतात. तेथे वीज गेली म्हणून ओरडावयास कोणी नसते, आणि बॅटरी किती दिवस पुरेल याचा हिशेब यंत्र पाण्यात सोडण्यापूर्वीच करावा लागतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या लाटा मांडवीच्या मुखाशी वेरें येथील या संस्थेच्या यंत्राने टिपल्या. ती लाट येण्याची वेळ सांगून आली नव्हती. यंत्राला त्या घटकेस वीज होती म्हणून नोंद राहिली. एवढ्या मोठ्या संस्थेचे उदाहरण शाळेला कशाला, असे कोणी म्हणेल. पण बॅटरीचा हिशेब करण्यास लागते ते गणित सातवीचे आहे: साठा किती, खर्च ताशी किती, तास किती.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की आता मीटर स्वस्त झाले. जुने टाकून नवे घ्यावे. जे पालक मुलाला एक जोडी चप्पल दोन पावसाळे पुरवावयास सांगतात, त्यांच्यापुढे हा युक्तिवाद करण्याचे धैर्य आम्हांस नाही. शिवाय नव्या मीटरचीही बॅटरी वर्षा-दोन वर्षांत उतरणारच, आणि तेव्हा वर्ग पुन्हा १.५ लिहील. दुसरा आक्षेप विजेच्या भयाचा आहे, आणि तो आम्ही मान देऊन ऐकतो. भिंतीकडची २३० व्होल्टांची बाजू मुलांनी उघडू नये, यात शंका नाही. वायर काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरात काही काळ वीज राहू शकते. लिथियमचा फुगलेला घट कोणी टोचू नये, दाबू नये. परंतु नऊ किंवा बारा व्होल्टांच्या बाजूला शिक्षकांच्या देखत मीटर लावून पाहणे यात शेगडीवर दूध तापविण्याइतकाही धोका नाही. दोन टोके तारेने थेट जोडू नयेत, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. ज्या पेडणे तालुक्यात तुयें येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांची वसाहत करण्याची योजना शासनाने आखली, त्या तालुक्यातील मुलाने डायोड आणि कपॅसिटर केवळ चित्रात पाहून शाळा सोडावी, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

तेव्हा आमचे मागणे असे. वर्षाचा पहिला प्रयोग यंत्राच्या पुरवठ्याचा असावा, आणि त्याला गुण असावेत. नंतरच्या प्रत्येक प्रयोगात निरीक्षणाच्या वर एक ओळ राखावी आणि तीत त्या दिवशीचा बॅटरीचा दाब लिहावा. पुस्तकाहून वेगळा आकडा आला तर तो जसाच्या तसा लिहून कारण शोधणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत. कारण न सापडल्यास निदान प्रश्नचिन्हाला अर्धा तरी द्यावा. खरेदी करणाऱ्यांनी उपकरणाच्या रंगरूपाकडे थोडे कमी पाहून दोन गोष्टी विचाराव्यात: आतली बॅटरी म्हापशाच्या बाजारात मिळते काय, आणि जोडणीचा नकाशा सोबत देता काय. बॅटरी डिंकाने चिकटवून झाकण कायमचे बंद केलेले यंत्र कितीही देखणे असले तरी शाळेने घेऊ नये. या बाबतीत आमचे काही विज्ञानशिक्षक मित्र आमच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते अशा बंद यंत्रांत दमट हवा कमी शिरते. ते खरे असेल. पण उघडता न येणाऱ्या पेटीतून मुलांनी काय शिकावे, याचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. घरातील चार्जर किंवा विजेरी बंद पडली की ती उकिरड्यावर टाकली जाते. भिंतीपासून वेगळी केलेली, बॅटरी काढून घेतलेली अशी वस्तू शाळेत पाठवावी. कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करून विज्ञानशिक्षक ती मुलांसमोर उघडतील. निकामी बॅटऱ्या वेगळ्या डब्यात जमा कराव्यात. विहिरीच्या आसपास तर त्या मुळीच टाकू नयेत.

आमच्या शाळेत या वर्षी एक जाड वही घातली आहे. तीत प्रत्येक यंत्राला एक पान आहे: बॅटरी कोणत्या जातीची, कधी घातली, कधी भारली, दाब किती होता, पाहणाऱ्याची सही. मे महिन्याच्या सुटीत दर पंधरा दिवसांनी दोन विद्यार्थ्यांनी येऊन शिशाच्या बॅटऱ्या भारावयाच्या आहेत. सुक्या घटांवर चालणाऱ्या मीटरांतून सुटीपूर्वीच घट काढून ठेवले आहेत. पाळ्यांची यादी प्रयोगशाळेच्या दारावर लावली आहे. पहिली पाळी १० मे रोजी सकाळी नऊ वाजता असून किल्ली शिपायांकडे मिळेल.